मेथीच्या वासाची टोपली

आमच्या जळगावच्या घरातून रद्दीवाला बहुधा रिकाम्या हाती परत जायचा. निकाल लागला की आम्हा चौघा भावंडांच्या वह्या आजीच्या ताब्यात जात. ओट्यावर बसून आम्ही त्यांचे बारीक तुकडे करायचो. ते घंगाळात तीन-चार दिवस भिजत, पाणी शाईने निळं होई. मग उखळात कुटायचं आणि भिजवून वाटलेल्या मेथ्या त्यात कालवायच्या. मेथीच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो, कडूपणामुळे कीड लागत नाही, हे आजीनेच सांगितलेलं. पालथ्या पातेल्यावर ओलं फडकं घालून लगदा थापायचा. पाण्यात बुडवलेला तळवा आजी एकदाच कडेवरून फिरवी आणि जाडी सगळीकडे सारखी होई. मेमध्ये पारा ४४ अंशांपुढे गेलेला. दोन-तीन दिवसांत टोपली पातेल्यावरून सुटायची, बोटाने वाजवली की टणक बोलायची. शेवटी तळाशी वहीचं एक अख्खं पान खळीने चिकटवायचं. कुरडया, बिबड्या वर्षभर तिच्यातच.

सुट्टीत एरंडोल-पारोळ्यावरून एसटीने मामांकडे धुळ्याला. तिथे मामींची गोधडी. वर विरलेलं लुगडं, आत मामांची धोतरं, आमचे आखूड झालेले फ्रॉक. धावदोरा कडेने सुरू होऊन चौकोना-चौकोनाने आत येत मध्यावर संपायचा. चार कोपऱ्यांना रंगीत त्रिकोण. त्यांची काही गरज नव्हती, पण ते लावल्याशिवाय मामी सुई ठेवत नसत. त्या त्रिकोणांमुळेच मी ठामपणे म्हणते, ही कलाच होती. रात्री गच्चीवर कोणाचा फ्रॉक कुठल्या ठिगळात आहे, ते आम्ही चांदण्यात शोधायचो.

भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई बसली की कोजागरीपर्यंत आरास आमची. सिगारेटच्या पाकिटातली चांदी, आगपेट्या, फुटक्या बांगड्या. बांगडीचा तुकडा मेणबत्तीवर धरला की काच मऊ होते. वाकवून दुसऱ्यात अडकवायची, की झाली माळ. कोणी काही टाकायला निघालं की आजी हात धरी, “राहू दे, कामाले येईन.”

घरं बदलली, स्टीलचे डबे आले, टोपल्या गेल्या. त्या जाऊ दिल्याचं मला अजून वाईट वाटतं. एकच उरली आहे, ताईकडे. तळाच्या पानावर सतराचा पाढा आहे. ८५ नंतर १०३ लिहिलंय, त्यावर बाईंची लाल फुली. अक्षर कोणाचं, यावर आम्हा चौघांचं अजून एकमत होत नाही.