नादारीचा अर्ज

यंत्रमाग बंद पडले तेव्हा यांच्यावर बँकेचं, सूतवाल्याचं आणि मामूंचं कर्ज होतं. बँकेच्या कागदावर जामीनदार म्हणून माझीही सही होती. एका रात्री हे म्हणाले, "घर तुझ्या नावे हिबा करतो. मामूंचे पैसे गुपचूप फेडू आणि मग नादारीचा अर्ज देऊ." 'नादार' हा शब्द मी वर्गात कितीदा तरी शिकवला असेल.

खरं सांगते, हिबाचा विचार मलाही आवडला होता. तरी आधी विचारावं म्हणून मालेगावच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे गेले. १९८७ च्या कायद्याने स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो, पगार कितीही असो. (शिक्षिका म्हटल्यावर परत पाठवतील, अशी मला धास्ती होती.)

वकीलबाईंनी हिबाचं ऐकताच हात वर केला. आपल्याकडे अजून १९२० चा नादारी कायदा चालतो. अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत घर असं देऊन टाकलं, तर कोर्ट ते रद्द करू शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाकीच्यांना डावलून एकालाच फेडलं, तर तेही टिकत नाही. आणि हे नादार ठरले तरी माझी जामीनकी सुटत नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं. हे बराच वेळ गप्प होते.

"मग मामूंचं?"

"कोर्टाने सोडलं तरी आपण फेडू. पण आज यादीत त्यांचंही नाव लिहा."

यांनी मुलीच्या वहीचं पान फाडलं. मामूंचं नाव सर्वांत शेवटी लिहिलं.