म्हैसूरची दैनंदिनी : चामुंडीचा डोंगर

(लेखांक दुसरा)

बुधवार

श्रीरंगपट्टण आणि रंगनतिट्टूचे पक्षी मागच्या लेखांकात आले. आता मुक्काम म्हैसूर शहरात, ओळखीच्या घरी. यजमान मूळचे विट्याकडचे. खानापूर, आटपाडी, तासगाव या कोरड्या तालुक्यांतून सोन्याचांदीच्या गलाईसाठी माणसे देशभर पांगली, त्यांतले हे एक घर. दुकान अशोका रोडच्या सराफीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि देव्हाऱ्यात जोतिबाशेजारी चामुंडेश्वरीची तसबीर.

गच्चीवर गेले की आग्नेयेला डोंगर समोर उभा राहतो. आसपास दुसरी टेकडी नाही, त्यामुळे तो आहे त्याहून मोठा वाटतो. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 3,489 फूट. म्हणजे शहरापासून वर हजारेक फूट. आषाढाचे ढग माथ्यावर आले होते आणि देवळाचे गोपूर मधूनच दिसे, मधूनच दिसेनासे होई.

रात्री जेवताना यजमान काकांनी बजावले, "ताई, गाडी काढतो म्हणालो असतो, पण तुम्ही चालणाऱ्या. उजाडायला पायथा गाठा. आणि उद्याच जा. शुक्रवारी आषाढाची गर्दी असती, मग डोंगर बघायला मिळायचा नाही, माणसंच बघाल."

गुरुवार

पायथ्याला पोचले तेव्हा फटफटत होते. पायऱ्या हजारावर आहेत. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वोडेयर या राजाने (कारकीर्द 1659 ते 1673) त्या बांधून घेतल्या. सुरुवातीच्या पायऱ्या उंच, तुटक आहेत; पहिल्या टप्प्यातच छाती भरून येते.

माझ्या थोडे पुढे एक बाई होत्या. वय साठीच्या आसपास, नेसू गुडघ्याजवळ खोचलेले, हातात स्टीलचा दुकप्पी डबा. प्रत्येक पायरीवर वाकायचे, अंगठ्याने हळदीचे बोट ओढायचे, अनामिकेने त्यावर कुंकू टेकवायचे, मग उठून पुढची पायरी. एकही पायरी सुटत नव्हती. रात्रीच्या पावसाने दगड ओले होते, त्यामुळे हळद टेकताच पसरे आणि कुंकवाचा लाल ओघळ पायरीच्या कडेपर्यंत जाई. कडेच्या खाचेत जुन्या हळदकुंकवाचा थर साचून दगडाचा मूळ रंगच हरवला होता. मी जवळून जाताना त्या नुसते "निधान, निधान" म्हणाल्या. सावकाश चढ. नवस कुणासाठी, हे विचारण्याइतके कन्नड मला येत नाही, आणि येत असते तरी विचारले नसते.

अर्ध्या चढावर बसले आणि दगड नीट पाहिला. आमच्या पुण्याच्या टेकड्या लाव्ह्याच्या, थरावर थर चढलेल्या, काळ्या बेसॉल्टच्या. वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. चामुंडीचा दगड ग्रॅनाइट आहे. जमिनीच्या पोटात खोलवर सावकाश निवलेला रस, म्हणून त्यात फिकट गुलाबी स्फटिक बोटाने चाचपता येतील एवढे ठसठशीत दिसतात. त्याचे वय सुमारे 80 कोटी वर्षे सांगतात, आणि त्याने ज्या पट्टिताश्मात घुसून जागा केली तो भोवतालचा खडक 300 कोटींच्या घरातला. भोवतीची जमीन झिजत गेली, हा टणक गोळा उभा राहिला. म्हणून या डोंगराला सह्याद्रीसारखे कडे नाहीत, सपाट माथा नाही. सगळीकडे गोलाई, आणि उतारावर हत्तीएवढे धोंडे.

या धोंड्यांच्या मधून जंगल आहे. जंगल म्हटले की दाट झाडी डोळ्यांसमोर येते, तशी ही नव्हे. कोरडी पानगळीची, काटेरी, खुजी झाडी. मधून चिंच, कडुनिंब, क्वचित चंदन. पावसाने सगळे हिरवे झाले होते. डोंगर राखीव वनात येतो. मोर ओरडत होते, लाल तोंडाची माकडे पिशव्यांवर नजर ठेवून होती. बिबट्यांचा वावरही आहे. म्हणून अंधारात चढू नये. वाटेच्या दोन्ही अंगांना घाणेरी मात्र माजली आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला हीच वाळते आणि ठिणगी पडली की वणवा चढणीला लागतो. वनखाते जाळरेषा काढते, तरी वणवे होतात. देवाला आलेल्या माणसाची विडी त्याला पुरते.

सातशे पायऱ्यांच्या सुमारास नंदी. हाही दोड्ड देवराजाच्याच काळातला, एका अखंड धोंड्यातून जागेवरच कोरलेला. उंची सोळा फुटांच्या आसपास, लांबी चोवीस. वर्षानुवर्षांच्या तेलाने अंग काळे तुकतुकीत झाले आहे. समोरून सगळे फोटो काढतात. मी बाजूला गेले. गळ्यातल्या घंटांच्या माळा, त्यांना ओवणाऱ्या दोरीचा पीळ, पाठीवरच्या झुलीची किनार हे सगळे दगडात आहे, आणि दुमडलेल्या पायाच्या खुराची फटसुद्धा कारागिराने सोडलेली नाही. जागेवरच कोरला म्हणजे एक छिन्नी चुकली तर दुसरा धोंडा आणायची सोय नाही. त्या पाथरवटांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

नंदीपर्यंत वरून मोटाररस्ताही येतो. तिथे शहाळी, भजी, हॉर्न. पुढच्या पायऱ्या सोप्या आहेत, पण शांतता नंदीपाशीच संपते.

शुक्रवार

काकांचे खरे होते, पण मला माणसेही बघायची होती. आपल्याकडे आषाढ म्हणजे पंढरीची वाट. इथे आषाढ देवीचा, आणि त्यातले शुक्रवार सर्वांत मोठे. या दिवशी खासगी गाड्यांना डोंगरावर मज्जाव असतो. ललित महालाजवळच्या मैदानातून सरकारी बस सोडतात. ललित महाल हा 1921 सालचा, व्हाइसरॉयच्या उतरण्यासाठी नाल्वडी (चौथ्या) कृष्णराज वोडेयरांनी बांधलेला पांढरा राजवाडा. त्याचा वास्तुकार फ्रिचली मुंबईत व्यवसाय करणारा.

वर पोचले ते पहाटेच्या अंधारात, आणि रांग त्याआधीच वळणे घेत गेली होती. गाभाऱ्यात क्षणभर मुख दिसले, फुलांत बुडालेले. सात मजली गोपूर मुम्मडी (तिसऱ्या) कृष्णराजाने 1827 मध्ये उभारले. पण डोंगरावरचे सर्वांत जुने देऊळ हे नव्हे. जरा बाजूला महाबळेश्वराचे बुटके दगडी देऊळ आहे, होयसळांच्याही आधीपासूनचे. एके काळी डोंगर त्याच्याच नावाने ओळखला जाई. तिथे रांग नव्हती. एक पुजारी, एक समई, गार फरशी. महाबळेश्वर म्हटल्यावर मराठी माणसाचे पाय आपोआप वळतातच.

देवीची उत्सवमूर्तीच दसऱ्याला खाली शहरात येते आणि हत्तीवरच्या सोन्याच्या अंबारीत बसते. दसऱ्याचे उद्घाटन या डोंगरावर होते. 2025 मध्ये ते कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या हस्ते झाले. आधी वाद झाले, न्यायालयापर्यंत गेले; त्यांनी येऊन देवीला फुले वाहिली. मला ते फार आवडले होते, आणि जागा पाहिल्यावर अधिकच आवडले.

गर्दी होती, पण गाड्या नव्हत्या. एवढ्या माणसांतही डोंगर श्वास घेत होता. एरवीच्या दिवसांसाठी माथ्यावर बहुमजली पार्किंग बांधले आहे. ते पाहून मात्र मन खट्टू झाले.

शनिवार

डोंगराची पाठ पाहिली. दक्षिणेच्या पायथ्याला उत्तनहळ्ळी, तिथे ज्वालामुखी त्रिपुरसुंदरी. ही चामुंडीची बहीण. रक्तबीजाचे रक्त जमिनीवर सांडू न देता तिने जिभेवर झेलले, अशी कथा. थोरलीला भेटून धाकटीला न भेटता परतू नये, असे बायका सांगतात.

पुढे नंजनगूड. तांबडी माती, नाचणीची कोवळी रोपे, कालव्याखाली भात. कपिलेच्या काठी श्रीकंठेश्वराचे प्रचंड देऊळ. टिपूच्या हत्तीचे डोळे इथे नवस बोलून बरे झाले आणि त्याने पाचूचे लिंग वाहिले, म्हणून देवाला हकीम नंजुंड म्हणतात, असे इथे सांगतात.

बाजारात मी रसबाळे शोधत होते. नंजनगूडच्या या केळ्याला 2005 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पातळ सालीचे, सुवासिक. पण मर रोगाने बागाच्या बागा बसल्या आणि लागवड अगदी थोडी उरली. फळवाल्याने एक फणी पुढे केली आणि स्वतःच म्हणाला, हे ते नव्हे. त्याच्या प्रामाणिकपणाखातर घेतली.

परतताना डोंगराच्या पायथ्याशी नव्या वसाहतींचे फलक दिसले. 'डोंगराचा देखावा' हीच त्यांची जाहिरात.

रविवार

मेलुकोटे. म्हैसूरपासून पन्नासएक किलोमीटर, मंड्या जिल्ह्यात. इथलाही डोंगर, माथ्यावर योगनरसिंह, खाली चेलुवनारायण. रामानुजाचार्य इथे वर्षानुवर्षे राहिले. पुळियोगरे म्हणजे चिंचेचा भात खाऊन, कल्याणीच्या म्हणजे देवळाच्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसून लोक परततात.

मला इथे वेगळ्या कारणासाठी यायचे होते. 1771 च्या मार्चमध्ये जवळच्या चिनकुरळीला त्रिंबकरावमामा पेठ्यांच्या फौजेने हैदराचा मोड केला. आपल्या इतिहासात ही मोती तलावची लढाई, माधवराव पेशव्यांच्या काळातला मोठा विजय. विजयानंतर काय झाले ते म्हैसूरच्या जुन्या गॅझेटियरात आहे. फौज मेलुकोट्यावर आली, गावातले लोक पळाले, लूट झाली, आणि देवाचे अवाढव्य लाकडी रथ जाळले गेले. कशासाठी? त्यांना ठोकलेल्या लोखंडासाठी. आग पसरून इमारतीही गेल्या.

रथबीदीत उभे राहून मी आताचा रथ पाहिला. चाक माझ्या डोक्याहून उंच, त्यावर लोखंडी धाव. ही धाव काढून घेण्यासाठी कुणी सगळा रथ पेटवला, आणि तो पेटवणारा माझी भाषा बोलत होता. लढाईचा अभिमान बाळगणाऱ्याने हेही पोटात घेतले पाहिजे. शाळेच्या पुस्तकात हा परिच्छेद यायला हवा असे मला मनापासून वाटते.

सोमवार

निघायच्या आधी पुन्हा नंदीपर्यंत. 2021 च्या ऑक्टोबरात मुसळधार पावसात नंदीकडचा हा रस्ता खचला. कारण समजायला तज्ज्ञ नको. ग्रॅनाइटवर मातीमुरमाचा थर असतो आणि झाडाझुडपांच्या मुळ्यांनी तो धरून ठेवलेला असतो. रस्त्यासाठी उतार कापला, त्यावर भराव घातला, पाण्याची वाट अडली, की पाणी आत मुरते आणि भरावासकट रस्ता खाली येतो. पायऱ्या मात्र साडेतीनशे वर्षे जागच्या जागी आहेत. त्या डोंगराच्या अंगावर बसल्या आहेत. त्यांनी डोंगर कापलेला नाही.

2022 च्या राज्य अर्थसंकल्पात इथे रोपवेची घोषणा झाली होती. म्हैसूरकरांनी विरोध केला, त्याच वर्षी बेत मागे पडला. सकाळी फिरायला येणारे निवृत्त शिक्षक, विद्यार्थी, वृक्षप्रेमी अशा साध्या माणसांनी तो थांबवला. वेताळ टेकडीतून रस्ता नको म्हणून चालणाऱ्या आम्हा पुणेकरांना हे लोक अगदी घरचे वाटतात. म्हातारे, आजारी, अपंग यांनी दर्शनाला कसे जायचे, हा प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर रोज आहे: शहरातून 201 क्रमांकाची बस थेट वर जाते. ती वाढवावी, आणि शुक्रवारचा नियम वर्षभर लावावा. आषाढात लाखांच्या गर्दीला जे जमते ते एरवी न जमायला कारण नाही.

महाराष्ट्रातून म्हैसूरला येणाऱ्यांच्या सहलीत चामुंडी अर्ध्या तासात उरकतात: गाडी वर, महिषासुराच्या पुतळ्याशी फोटो, गाडी खाली. एवढे करू नका. गुडघे साथ देत असतील तर उजाडता पायथा गाठा आणि पायऱ्यांनी चढा. देत नसतील तर बस पकडा. पाण्याची बाटली नेलीत तर परत आणा, माकडांना काही घालू नका, आणि काडेपेटी खालीच ठेवा.

(पुढच्या लेखांकात : बिळिगिरीरंगन बेट्ट)