सवलतीचा हिशेब

भाव करणे हे आमच्या घरात कमीपणाचे मानीत. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात वडील जात, विकणारीने सांगितलेली किंमत मुकाट्याने मोजीत आणि घरी आल्यावर आई त्या किमतीचा न्यायनिवाडा करी. घासाघीस ही विद्या आम्ही शिकलो ती सरकारी नोकरीत, आणि तीही कागदावरची. लेखा विभागात उभी हयात गेली. निविदांचे तुलनात्मक तक्ते मांडावयाचे, कोणत्या दरात कर धरला आहे आणि कोणत्यात नाही ते तपासावयाचे, वाहतूक, विमा, जोडणी यांचे छुपे आकडे उघडे करावयाचे, आणि मग तळाशी सर्वांत कमी दराखाली तांबडी रेघ ओढावयाची. त्या तांबड्या रेघेचा आम्हांला थोडा गर्व होता, हे येथे आरंभीच कबूल केलेले बरे.

हा गर्व घरगुती कामी आला तो मार्च २००९ मध्ये. सर्वणच्या आमच्या वाड्यात त्या काळी ज्याच्या दारात टिपर नाही असे घर शोधावे लागे. २००३-०४ पासून चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली आणि एरवी टाकून द्यावयाच्या कमी प्रतीच्या खनिजालाही गिऱ्हाईक मिळू लागले. डिचोली, मये, शिरगाव, मुळगाव या पट्ट्यातील माल टिपरांत भरावयाचा, सारमानसच्या धक्क्यावर ओतावयाचा, तेथून बार्जने मांडवीतून मुरगावला. टनामागे आणि किलोमीटरमागे दर. सुपारीच्या बागेतून वर्षाला जे मिळे ते टिपर महिन्या-दोन महिन्यांत मिळवून देतो, असे जो तो सांगे. सुपारीच्या झावळ्यांवर बसणाऱ्या तांबड्या धुळीचा हिशेब मात्र कोणी करीत नसे. आम्हीही केला नाही.

थोरल्या बंधूंचा मुलगा पदवीधर होऊन दोन वर्षे घरी बसला होता. बंधूंना आम्ही दादा म्हणत असू. दादांचे मन द्विधा होते, पण पुतण्याचे नव्हते. एके दिवशी तो एक छापील कोटेशन घेऊन आमच्या पुढ्यात उभा राहिला. "काका, तुम्ही एकदा बघा. तीस हजार सूट देतात म्हणे."

आम्ही चष्मा लावला.

त्या वर्षीची परिस्थिती गिऱ्हाइकाला अनुकूल होती. २००८ च्या उत्तरार्धात जगभर मंदी आली आणि अवजड वाहनांचा खप एकदम बसला. केंद्र सरकारने डिसेंबर २००८ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २००९ मध्ये उत्पादन शुल्क उतरवले. शिवाय १ जानेवारी २००९ पासून घेतलेल्या व्यापारी वाहनांवर पन्नास टक्के घसारा धरण्याची मुभा दिली. विक्रीच्या दालनातील तरुण विक्रेता ही पन्नास टक्क्यांची गोष्ट इतक्या उत्साहाने सांगत होता, की जणू अर्धा ट्रक फुकटच मिळणार होता. आम्ही त्यास विचारले, "आमचा मुलगा प्राप्तिकर कोणत्या कलमाखाली भरणार?" तो गोंधळला. दहांपेक्षा अधिक मालवाहू गाड्या नसलेल्या मालकास ४४ एई कलमाखाली गाडीमागे ठरावीक उत्पन्न गृहीत धरून कर भरता येई; त्या काळी अवजड गाडीस ते महिना साडेतीन हजार होते. या मार्गाने जाणाऱ्याचा घसारा त्या गृहीत उत्पन्नातच वजा झाला असे कायदा मानतो. मग तो घसारा पन्नास टक्के असो की शंभर, एका टिपरच्या मालकाच्या हाती त्यातले काही येत नाही. ही सवलत होती खरी, पण ती ताफे बाळगणाऱ्यांसाठी होती. पुतण्याच्या डोळ्यांत आम्ही त्या क्षणी फारच उंच झालो.

पुढे आम्ही तीस हजारांकडे वळलो. टिपर तयार होऊन सुमारे बारा लाखांस पडणार होता, आणि दहा लाखांचे कर्ज विक्रेत्याच्याच ओळखीची एक वित्तसंस्था 'अवघ्या सात टक्क्यांनी' देणार होती. चार वर्षांची मुदत. सात टक्के म्हणजे दहा लाखांवर वर्षाला सत्तर हजार, चार वर्षांचे दोन लाख ऐंशी हजार. बारा लाख ऐंशी हजार भागिले अठ्ठेचाळीस, म्हणजे महिना सव्वीस हजार सहाशे सदुसष्ट. हिशेब सरळ दिसतो. मेख अशी, की मुद्दल दर महिन्यास फिटत असता व्याज मात्र अखेरच्या महिन्यापर्यंत पूर्ण दहा लाखांवर मोजले जाते. घटत्या शिलकीवर हाच दर पावणेतेराच्या घरात जातो. त्या वेळी आमच्या बँकेचा दर होता साडेअकरा टक्के, घटत्या शिलकीवर. पुतण्यास साडेअकरा हा आकडा सातापेक्षा मोठा दिसे, आणि कोणास दिसणार नाही? पण बँकेचा हप्ता निघे सव्वीस हजार नव्वदच्या आसपास. अठ्ठेचाळीस महिन्यांत सुमारे अठ्ठावीस हजारांचा फरक. म्हणजे एका हाताने दिलेल्या तीस हजारांपैकी अठ्ठावीस दुसऱ्या हाताने परत, आणि उरलेले दोन हजार विक्रेत्यामार्फतच उतरवावयाच्या विम्यात गडप.

आम्ही तीन दुकानांची कोटेशने मागवली व तक्ता मांडला. चेसिस वेगळी, बॉडी वेगळी, विमा वेगळा, नोंदणी वेगळी, आणि 'हाताळणी खर्च' नावाचे जे एक गूढ कलम असते ते वेगळे. बॉडीचा दर बेळगावहूनही मागवला. चेसिसच्या क्रमांकात उत्पादनाचे वर्ष सांकेतिक अक्षरात दडलेले असते. ते वाचून दुकानात उभी असलेली चेसिस २००८ सालची आहे हे आम्ही दाखवून दिले. पुढे गाडी विकताना बाजार साल पाहतो. तेव्हा गेल्या सालच्या मालास या सालची किंमत का द्यावी? शिवाय सूट द्यावयाची ती बिलातच दाखवा, मागाहून क्रेडिट नोट नको, असा आग्रह धरला. कारण बिलाची रक्कम घटली तर त्यावरचा व्हॅटही घटतो. हे सगळे बोलणे आम्ही मुद्दाम २८ मार्चपर्यंत लांबवले. वर्षाचे उद्दिष्ट गाठले तर विक्रेत्यास कंपनीकडून वेगळे इनाम मिळते आणि ३१ मार्चनंतर त्याच चेसिसची किंमत त्याच्या लेखी बदलते, एवढे गिऱ्हाइकास ठाऊक असले की पुरे. अखेरीस बिलात पंचावन्न हजार उतरले, कर्ज बँकेचे झाले आणि विमा आम्ही बाहेरून घेतला.

टिपर दारात आला तेव्हा वहिनींनी त्यास ओवाळले. त्यांच्या पाटल्या त्या आधीच्या आठवड्यात बँकेत तारण गेल्या होत्या. आम्ही मात्र पंचावन्न हजारांची गोष्ट जेवणाच्या पंगतीत चारचौघांना सांगत होतो.

तीन वर्षे टिपर उत्तम चालला. २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले; त्यातला आमचा वाटा मुंगीएवढा, पण मुंगीच्या घरी तो पुष्कळ होता. पाटल्या सुटून आल्या. आणि मग फेब्रुवारी २०१२ मध्ये पुतण्या दुसरे कोटेशन घेऊन आला.

येथे थोडे थांबावेसे वाटते. अवैध खाणकामाच्या चौकशीसाठी केंद्राने न्यायमूर्ती एम. बी. शाह यांचा आयोग नोव्हेंबर २०१० मध्येच नेमला होता. आयोग गोव्यात येऊन गेला होता. विधानसभेच्या लोकलेखा समितीनेही २०११ मध्ये या विषयाची झडती घेतली होती. हे आम्हांस ऐकीव नव्हते. सचिवालयाच्या उपाहारगृहात दुसरा विषयच नसे. दादांनी एकदा विचारलेही, "हे असेच चालेल ना रे?" आम्ही उत्तर दिले, की अर्थसंकल्पात उत्पादन शुल्क वाढण्याचा रंग दिसतो, तेव्हा घ्यावयाचा तर मार्चच्या मध्याआधी घ्यावा. दादांचा प्रश्न एक होता आणि आमचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे होते. त्या वेळी ते आमच्या ध्यानी आले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु थोडेसे आले होते. तक्त्यात ज्यास रकाना नाही अशी गोष्ट विचारात न घेण्याची सवय पंचवीस वर्षांची होती.

दुसरा टिपर मार्चच्या पहिल्या आठवड्यात घेतला. १६ मार्चच्या अर्थसंकल्पात सर्वसाधारण उत्पादन शुल्क दहावरून बारा टक्क्यांवर गेले आणि आमचा अंदाज अचूक ठरल्याबद्दल पुतण्याने पेढे आणले. तो टिपर मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने चालला. पावसाळ्यात नेहमीप्रमाणे वाहतूक थांबली. शाह आयोगाचा अहवाल सप्टेंबरमध्ये संसदेपुढे आला, १० सप्टेंबरला राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने वाहतुकीसकट सर्व बंद केले. चतुर्थीला धुऊन, हार घालून ठेवलेले दोन्ही टिपर हारासकट उभे राहिले.

पुढचे फार लांबवीत नाही. पहिल्याचे कर्ज फिटत आले होते, दुसऱ्याचे नुकते सुरू झाले होते, आणि या खेपेस घाईमुळे ते बँकेचे नव्हते. गोव्यात हजारो टिपर एकाच दिवशी निरुपयोगी झाले, तेव्हा त्यांना गोव्यात गिऱ्हाईक कोठून मिळणार? सीमेपलीकडचे दलाल येत, टायर लाथेने ठोकून पाहत आणि असा आकडा सांगत की ऐकणाऱ्याने मान खाली घालावी. तेथे भाव करण्यास आम्ही गेलो नाही. पुतण्या एकटाच उभा राही. २०१३ च्या उन्हाळ्यात वित्तसंस्थेने दुसरा टिपर ओढून नेला आणि वरती उरलेल्या रकमेची नोटीस धाडली. २०१४ मध्ये राज्य शासनाने खाणबंदीग्रस्त कर्जदारांसाठी दिलाशाची योजना आणली, तिचा अर्ज आम्हीच भरला, सुवाच्य अक्षरात. बागेचा वरचा तुकडा तरीही गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, पहिला टिपर थोडा हलला. आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द झाल्यावर तो परसातल्या फणसाखाली जाऊन थांबला तो थांबलाच.

दादा २०१९ मध्ये गेले. त्यांनी आम्हांस कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर आमच्यापाशी उत्तर तयार होते: पंचावन्न हजार आणि शुल्काचे दोन टक्के. ते उत्तर कोणी मागितले नाही म्हणूनच ते अजून जवळ राहिले आहे.

आता २०२४ पासून डिचोलीच्या खाणीवर पुन्हा काम सुरू झाले आहे, लिलावातून. पुतण्या पंचेचाळिशीस टेकला. मधली वर्षे त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवून काढली. २०२५ च्या दिवाळीत तो आमच्याकडे फराळास आला आणि लाडू खाता खाता त्याने खिशातून कागद काढला. कागदाची घडी पाहूनच आम्ही ओळखले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आहे. अठ्ठावीस लाखांच्या गाडीवर हा फरक दोन लाख ऐंशी हजारांचा होतो. भरलेला कर वळता करून घेऊ शकणाऱ्या मोठ्या वाहतूकदारास तो तितका जाणवत नाही. एका गाडीच्या मालकास तो रोख वाचतो. कोटेशनवर हाच आकडा ठळक टाईपात 'सणाची खास सूट' म्हणून छापला होता. हा कर सरकारने उतरवला, दुकानाने नव्हे. दुकानाची सूट त्या कागदावर शून्य होती. हे पाहिल्याबरोबर आमचे बोट आपोआप त्या ओळीवर गेले. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये वाहन कंपन्यांनी दोन वर्षांच्या मुदतीसाठी मान्य केलेली आणखी एक सवलत होती: जुनी अवजड गाडी अधिकृत केंद्रात मोडीत काढल्याचे प्रमाणपत्र दिले तर नव्या गाडीच्या किमतीत तीन टक्के. तेहतीस लाखांवर जवळजवळ एक लाख. फणसाखालच्या टिपरास दलाल देतात त्या मोडीच्या भावाशिवाय हे वेगळे.

आम्ही हे सारे भराभर सांगू लागलो. वहिनी चुलीकडून दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, किंमत किती उतरेल ते राहू द्या. खाण बंद झाली तर हप्ता कुठून द्यायचा, ते त्या कागदावर कुठे लिहिलंय?"

पुतण्या गप्प राहिला. आम्ही कागद उलटा करून पाहिला; मागची बाजू कोरी होती. त्या कोऱ्या बाजूवर आम्ही तिथल्या तिथे दोन रकाने आखले. खाण चालू असता महिन्याच्या खेपा किती, आणि खाण नसता रेती-चिऱ्यांच्या, बांधकामाच्या भाड्यावर खेपा किती. दुसऱ्या रकान्यात हप्ता बसेना. कर्जाची रक्कम कमी करीत गेलो. नव्या गाडीऐवजी चार वर्षे वापरलेली धरली, तेव्हा कोठे तो कसाबसा बसला. आणि वापरलेल्या गाडीवर ना सणाची सूट, ना तीन टक्के.

पुतण्याचे मन अद्याप ठरलेले नाही. नवी गाडी घ्यावी असेच त्यास वाटते, आणि त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हांसही तसेच वाटले असते. त्याने एवढे मात्र केले, की मोडीच्या प्रमाणपत्राची चौकशी करण्यासाठी जुन्या टिपरचा चेसिस क्रमांक हवा म्हणून आम्हांस परसात नेले. क्रमांकावर गंज चढला होता. त्याने काथ्याने तो घासला, वर पातळ कागद धरला, आणि पेन्सिल आडवी धरून हळूहळू फिरवली. अक्षरे एकेक उमटत गेली. वर्षाचे अक्षर उमटले तेव्हा त्याने आमच्याकडे पाहिले आणि तो हसला. "काका, दोन हजार आठ."