ॲनिकचीं जुनीं रिळें

इंग्लंडच्या उत्तर टोकास, स्कॉटलंडची सरहद्द लागण्यापूर्वीं, नॉर्दंबरलंड परगण्यांत ॲनिक नांवाचें एक लहानसें गांव आहे. इंग्रजी लेखनांत ह्या नांवांत ‘ल’ आणि ‘व’ हीं अक्षरें येतात. बोलण्यांत तीं दोन्ही गळतात. आल्न नदी गांवाच्या कडेनें वाहते, आणि तिच्या कांठीं १३०९ पासून पर्सी घराण्याकडे असलेला किल्ला उभा आहे. बहुतेक प्रवासी हा किल्ला पाहून परत फिरतात. परंतु ज्यांस यंत्रांची आवड आहे, त्यांच्या मतें ह्या गांवाची खरी कीर्ति निराळीच आहे.

१८७२ सालीं विल्यम हार्डी ह्या गृहस्थानें येथें बंदुकांचें व सुऱ्या-चाकूंचें दुकान घातलें. पुढें बंधु जॉन जेम्स येऊन मिळाला, आणि दोघां भावांनीं गळानें मासे धरण्याचें साहित्य करण्यास आरंभ केला. गळाच्या काठीस खालच्या बाजूला दोरी गुंडाळण्याचें जें रीळ असतें, तें आपल्या वाचकांस पतंगाच्या आसारीवरून सहज कळेल. मत्स्याहार आपणांपैकीं अनेकांच्या घरीं वर्ज्य असला, तरी यंत्राला सोंवळें-ओंवळें नसतें! १८९१ सालीं बाजारांत आलेल्या हार्डींच्या रिळाचें नांव ‘परफेक्ट’, म्हणजे निर्दोष. नांव धिटाईचें खरें. पण आंतील चाक बारीक पोलादी गोळ्यांवर इतकें हलकें फिरे कीं, तें नांव टिकून राहिलें. तें स्वैर सुटून दोरीचा गुंता होऊं नये म्हणून दातेरी चाकावर एक खिटी बसविलेली असते. मासा दोरी ओढूं लागला कीं तिची करकर ऐकूं येते.

अशीं रिळें मूळ धन्याच्या पश्चात् माळ्यावर जातात, नातवंडें तीं विकून टाकतात, आणि मग लिलावांत किंवा जुन्या वस्तूंच्या दुकानांत तीं नव्या धन्याची वाट पाहत पडतात. जुनें तेल डिंकासारखें घट्ट झालेलें, आंत नदीची वाळू, पितळेवर हिरवट कळंक, खिटीची कमान मोडलेली, अशी त्यांची अवस्था असते. त्या काळची दोरी रेशमाची असे. ती ओली तशीच गुंडाळून ठेविली, तर दोरी कुजेच. पण खालचा धातूहि खाल्ला जाई.

दुरुस्तीचें पहिलें सूत्र म्हणजे उतावीळपणा टाकणें. स्क्रूच्या खांचेंत तंतोतंत बसेल असा पेचकस घासून तयार करावा लागतो. सैल पेचकसानें खांचेच्या कडा फाटल्या, तर ती जखम कायमची राहते. घट्ट बसलेल्या स्क्रूवर पातळ तेलाचा थेंब सोडून एक रात्र थांबावें. रीळ कांठाच्या ताटांत उघडावें, म्हणजे मोकळ्या गोळ्या घरंगळून जात नाहींत. भाग ज्या क्रमानें निघतील, त्याच क्रमानें मांडून ठेवावे. नंतर ते रॉकेलमध्यें भिजवून दांत घासण्याच्या जुन्या ब्रशानें हलक्या हातानें साफ करावे. मोडकी कमान पोलादाची नवी करून बसवितां येते. शेवटीं वंगण लावावयाचें, तें अगदीं बेताचें. अधिक झालें कीं तें वाळूला धरून ठेवतें.

येथपर्यंत सर्व जाणत्यांचें एकमत आहे. खरी परीक्षा पुढें. पितळ दिसलें कीं तें चिंचेनें लखलखीत करावें, ही आपल्या घरांतली संवय. इंग्रज माणूसहि तेंच करावयास धजतो. परंतु चकाकीनें मासा बुजूं नये म्हणून ह्या रिळांवर मुद्दाम शिशाचा काळसर रंग चढविलेला असे. एका दुपारच्या घासण्यानें तो कायमचा जातो. रीळ नव्यासारखें दिसतें, आणि त्याचें मोल मात्र उतरतें. नुसतें पैशाचें मोल नव्हे. ज्या जागीं कोणाचा अंगठा वर्षानुवर्षें टेकला, ती झिजलेली कड रीळ कसें वापरलें गेलें हें सांगत असते. यंत्र चालतें करणें ही दुरुस्ती. त्याचें वय पुसून टाकणें ही दुरुस्ती नव्हे.

गांवांतील जुन्या रेल्वे स्टेशनाकडे पाहिलें कीं हेंच तत्त्व मोठ्या प्रमाणावर दिसतें. १८८७ सालची ती इमारत. १९६८ सालीं तेथील गाड्या बंद झाल्या. १९९१ सालीं तेथें ‘बार्टर बुक्स’ हें जुन्या पुस्तकांचें दुकान निघालें. इमारतीस नवें काम मिळालें. पण ती पूर्वीं स्टेशन होती, हें कोणीं लपविलें नाहीं.

हार्डींच्या जुन्या रिळांच्या पोटांत पुष्कळदां कारागिराचीं आद्याक्षरें ठोकलेलीं आढळतात. वॉल्टर डिंग्ली हा तेथील नामांकित कारागीर १९११ सालीं बाहेर पडून ह्याच गांवांत स्वतंत्रपणें रिळें करूं लागला. त्याच्या कामांत ‘डी’ हें अक्षर सांपडतें. २०१३ सालीं हार्डी कंपनी अमेरिकन मालकीची झाली, तरी आंतलीं अक्षरें आहेत तशींच आहेत. रीळ काळजीनें उघडणारालाच तीं दिसतात.

आपल्याहि घरांत जुन्या तांब्यावर किंवा परातीवर आजीचें, पणजीचें नांव घातलेलें असतें, आणि वर्षानुवर्षांच्या घासण्यानें तें पुसट होत जातें. भांडें स्वच्छ ठेवावें, मोडलें तर सांधावें. पण घासावयास बसण्यापूर्वीं तें नांव कोठें आहे, एवढें पाहून घ्यावें.