बेडूक तोच, हात निराळा

जुनें तेवढें सोनें आणि नवें तेवढें पितळ असें म्हणणाऱ्या मंडळींचा मला मनापासून कंटाळा आहे. त्यांच्या तरुणपणीं आंबे अधिक गोड होते, पाऊस वेळेवर येत असे आणि नटांना गातां येत असे; आणि हें सर्व ज्या वर्षीं संपलें, तें नेमकें त्यांचे स्वतःचे केस पिकूं लागल्याचें वर्ष असतें. म्हणूनच अमेरिकेंतील ‘मपेट’ नांवाच्या बाहुल्यांच्या चित्रपटांविषयीं, “पूर्वींची गोडी आतां राहिली नाहीं” असें वाक्य माझ्या तोंडून निघतें, तेव्हां त्याची कसून झडती घेणें मला भाग पडतें. माझ्या बाजूची एकच गोष्ट आधीं सांगून ठेवतों. ह्या बाहुल्या माझ्या बालपणींच्या नव्हेत. १९८५ सालीं मी धाकट्या भावाकडे न्यू जर्सींत तीन महिने राहिलों, तेव्हां माझें वय छत्तीस होतें. त्याच्या चार वर्षांच्या मुलासाठीं आणलेली व्हिडिओ कॅसेट, मुलगा अर्ध्यावर झोपून गेल्यानंतर, आम्ही दोघां भावांनींच शेवटपर्यंत पाहिली. छत्तिसाव्या वर्षीं जडलेल्या प्रेमाला बाल्याच्या भोळेपणाची सबब सांगतां येत नाहीं.

ज्या वाचकांचा ह्या मंडळींशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. जिम हेन्सन हा १९३६ सालीं मिसिसिपी राज्यांत जन्मलेला कलावंत. वयाच्या अठराव्या वर्षीं, १९५५ सालीं, वॉशिंग्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्रासाठीं त्यानें बाहुल्यांचा एक छोटासा कार्यक्रम सुरू केला. आईच्या जुन्या कोटाच्या कापडाचें एक बाहुलें त्यानें शिवलें आणि टेबल-टेनिसच्या चेंडूचीं दोन शकलें करून त्याला डोळे लावले. तेंच पुढें कर्मिट नांवाचा बेडूक झालें. १९६९ सालीं निघालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’मुळें हेन्सनचें नांव घरोघर गेलें, त्याच मालिकेचें हिंदी भावंड ‘गली गली सिम सिम’ आपल्याकडे २००६ सालीं आलें. परंतु मी ज्यांच्याविषयीं लिहीत आहें ते ‘द मपेट शो’मधले लोक. १९७६ ते १९८१ ह्या काळांत इंग्लंडांत तयार झालेल्या ह्या कार्यक्रमांत कर्मिट हा एका मोडकळीस आलेल्या नाटकगृहाचा व्यवस्थापक असतो. स्वतःला त्रैलोक्यसुंदरी समजणारी मिस पिगी ही डुकरीण, कोणालाही हंसूं न येणारे विनोद सांगणारा फॉझी नांवाचा अस्वल, नेमका कोणता प्राणी आहे हेंच न कळणारा गॉन्झो, आणि सज्जांत बसून सगळ्यांची टवाळी करणारे स्टॅटलर व वॉल्डॉर्फ हे दोन म्हातारे असा त्याचा संसार.

हेन्सनची खरी युक्ति मात्र पात्रांपेक्षांही हातांत होती. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाला स्वतःचा लहानसा रंगमंच लागतो. हेन्सननें तो काढूनच टाकला आणि पडद्याची चौकट हीच रंगमंचाची चौकट मानली. बाहुली चालविणारा तिच्या खालीं, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, हात डोक्याच्या वर धरून असतो आणि जवळच्या लहान पडद्यावर आपली बाहुली प्रेक्षकाला कशी दिसते आहे तें पाहत असतो. कर्मिटच्या चेहऱ्यांत यंत्र नाहीं, कीं कळ नाहीं. आंत माणसाचा पंजा आहे. बोटें किंचित् मुडपलीं कीं बेडूक खजील होतो, तळवा ताणला कीं त्याला राग येतो. हें कापड आहे हें चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतें. तरी तें कापड लाजलें कीं आपण हळहळतों. ह्या बाहुल्यांची गोडी ह्या दोन गोष्टी एकाच वेळीं खऱ्या वाटण्यांत आहे, आणि पुढील सर्व चित्रपट मी ह्याच मापानें मोजतों.

१९७९ सालच्या ‘द मपेट मूव्ही’चा आरंभ पहा. दलदलींत एका ओंडक्यावर बेडूक एकटाच बॅंजो वाजवीत गात बसला आहे. हें दृश्य टिपतांना हेन्सन स्वतः पाण्याखालीं एका बंदिस्त टाकींत अंग चोरून बसला होता आणि त्याचा हात तेवढा वर बेडकाच्या अंगांत होता. पुढें हाच बेडूक चक्क सायकलीवर बसून रस्त्यानें जातो. हें कसें साधलें असा विचार मनांत येतो न येतो तोंच आपण त्याच्या प्रवासाच्या काळजींत पडतों. कथा तरी केवढीशी! असंख्य लोकांना आनंद देतां येईल म्हणून बेडूक हॉलीवूडला निघतो आणि वाटेंत एकेक सोबती मिळत जातो. खलनायक आहे एक उपाहारगृहवाला. बेडकाच्या तंगड्या तळून विकण्याच्या आपल्या धंद्यासाठीं त्याला जाहिरात करणारा बेडूक हवा आहे. कर्मिट नकार देतो. (हेन्सननें आपलीं आरंभींचीं वर्षें कॉफीच्या जाहिरातींवर काढलीं होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या नकाराची चव वाढते.) शेवटच्या गाण्यांत अडीचशेंच्या वर बाहुल्या एकाच चौकटींत उभ्या राहतात, आणि त्यांतील प्रत्येकीच्या खालीं कोणाचा तरी हात भरून आलेला असणार, ह्या विचारानें माझा भाऊ त्या रात्रीं आपलाच खांदा चोळीत बसला होता.

१६ मे १९९० रोजीं हेन्सन वारला, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षीं. नव्या चित्रपटांची गोडी गेली असें म्हणणारे बहुतेक लोक ह्याच तारखेकडे बोट दाखवितात. आवाज गेला, म्हणून बेडूक गेला. हें कारण सोपें आहे, आणि मला तें मुळींच पटत नाहीं. कारण १९९२ सालीं निघालेला ‘द मपेट ख्रिसमस कॅरोल’. दिग्दर्शक हेन्सनचा मुलगा ब्रायन, कर्मिटचा हात आणि आवाज स्टीव्ह व्हिटमायर ह्याचा. डिकन्सच्या कथेंतला कंजूष स्क्रूज ह्या भूमिकेंत मायकेल केन आहे. त्यानें समोर उंदीर आणि भाजीपाला बोलत असतांनाही आपण गंभीर नाटकांत काम करीत आहों, ह्या निष्ठेनें काम केलें आहे. चित्रपट हेन्सन व रिचर्ड हंट ह्या दोघां दिवंगतांना अर्पण केलेला आहे. कर्मिट त्यांत गरीब कारकून क्रॅचिट झाला आहे. मुलगा गेल्यानंतरच्या दृश्यांत तो रिकाम्या खुर्चीच्या घरांत येतो, आणि बाकीच्यांना धीर देऊं लागतो. त्या वेळीं त्याचा आवाज किंचित् निराळा आहे हें माझ्या कानाला कळलें होतें. पण घरांतलें वडील माणूस गेल्यावर थोरल्या मुलाच्या आवाजांत जो फरक पडतो, तसाच तो मला वाटला. आपल्याकडे अर्धवटराव यशवंत पाध्ये ह्यांच्याकडून रामदास पाध्ये ह्यांच्या हातीं आला, आणि घरांत पुढची पिढीही त्याच विद्येंत आहे. अर्धवटरावाला म्हणून कोणी परका म्हटल्याचें मीं ऐकलेलें नाहीं. तेव्हां हाताचा बदल हा दोष नव्हे. दोष कोठें तरी दुसरीकडे शिरला.

माझ्या मतें तो १९९९ सालच्या ‘मपेट्स फ्रॉम स्पेस’मध्यें उघड दिसतो. गॉन्झो हा कोण, हें कोणालाच ठाऊक नव्हतें. त्याला स्वतःलाही नव्हतें. १९७९ च्या चित्रपटांत मंडळींची गाडी वाळवंटांत बंद पडते, रात्र होते, शेकोटीभोवतीं सगळे हताश बसतात, आणि हा वांकड्या नाकाचा निळा प्राणी आभाळाकडे पाहून एक गाणें गातो. आपण कोठून तरी आलों आहों आणि तेथें केव्हां तरी परत जाऊं, एवढाच त्याचा आशय. मीं कॅसेट थांबवून तें पुन्हां लावावयास सांगितलें होतें. परदेशांत दहा वर्षें काढलेला माझा भाऊ त्या गाण्यानंतर बराच वेळ बोलला नाहीं, आणि मींही कांहीं विचारलें नाहीं. वीस वर्षांनंतरच्या चित्रपटानें त्या गाण्याला उत्तर दिलें. गॉन्झो हा परग्रहावरचा प्राणी निघाला; त्याचे जातभाई मोठें यान घेऊन त्याला भेटावयास आले. झालें! ज्या हुरहुरींत माझ्या भावासारख्या कोणालाही आपली हुरहुर मिसळतां येत होती, तिला एक पत्ता चिकटविण्यांत आला. ह्या चित्रपटासाठीं नवीं गाणीं रचलींच नव्हतीं, हा योगायोग नसावा. प्रश्न मिटल्यावर गावयाचें तरी काय?

१९९६ सालच्या ‘मपेट ट्रेझर आयलंड’वर मी फार लिहीत नाहीं; चांचे, गोंगाट आणि टिम करी ह्यांनीं तो तरून जातो. उलट, जुन्यांतले सगळेच चित्रपट निर्दोष होते असेंही नाहीं. १९८४ सालच्या ‘द मपेट्स टेक मॅनहॅटन’चा मध्यभाग रेंगाळतो, आणि तो तर हेन्सन हयात असतांनाचा. १९८१ च्या ‘द ग्रेट मपेट केपर’मधली हिऱ्यांच्या चोरीची गोष्टही कोणाच्या लक्षांत राहत नाहीं, लक्षांत राहतात उद्यानांतून सायकलींवर फिरणाऱ्या त्या सगळ्या बाहुल्या.

२००४ सालीं ही सारी मंडळी डिस्नेच्या मालकीचीं झालीं. २०११ सालीं आलेला ‘द मपेट्स’ मोठ्या प्रेमानें केलेला चित्रपट आहे. त्यांतल्या एका गाण्याला ऑस्कर मिळालें, आणि तें योग्यच झालें. जुनें नाटकगृह पाडलें जाणार आहे, मंडळी पांगली आहेत, लोक त्यांना विसरले आहेत. तेव्हां वॉल्टर नांवाचा त्यांचा एक भक्त, जो स्वतःही बाहुलाच आहे, त्यांना पुन्हां एकत्र आणतो. मिस पिगी आणि फॉझी ह्यांचा मूळ हात असलेला फ्रॅंक ऑझ ह्यानें संहिता न आवडल्यामुळें ह्या चित्रपटापासून दूर राहणें पसंत केलें. त्याचें वाईट वाटलें तरी मीं तो चित्रपट डोळे पुसत पाहिला. शेजारीं भावाची नात बसली होती, वय वर्षें सात. जुन्यांतलें तिनें कांहींच पाहिलेलें नव्हतें. चित्रपट अर्ध्यावर आला तेव्हां तिनें विचारलें, “आजोबा, सगळ्यांना हे इतके कां आवडतात?”

ह्या प्रश्नाला पडद्यावर उत्तर नव्हतें. १९७९ चा बेडूक प्रेक्षकांची प्रीति मिळविण्यासाठीं घर सोडून निघाला होता. २०११ चा बेडूक मिळालेली प्रीति परत मागावयास आला होता. पहिल्याला आपण ओळखीशिवाय भेटूं शकतों. दुसऱ्याला भेटावयाचें तर पूर्वींची ओळख लागते. आणि ज्याच्यापाशीं ती नाहीं त्यानें इतरांच्या डोळ्यांतल्या पाण्यावर विश्वास ठेवावयाचा. कॅमेरा रंगमंचावरून उठून प्रेक्षागारांत जाऊन बसला, असें मी ह्याला म्हणेन. पुढच्या आठवड्यांत त्या मुलीला मीं दलदलींतला बेडूक दाखविला. पहिलीं दहा मिनिटें तिची चुळबुळ चालली होती. सायकल आली आणि ती थांबली.

२०१४ सालचा ‘मपेट्स मोस्ट वॉण्टेड’ बहुतेकांना आवडला नाहीं. मला तो आदल्यापेक्षां अधिक प्रामाणिक वाटतो. त्याच्या आरंभींच्या गाण्यांत, पुढचे भाग पहिल्याइतके चांगले नसतात अशी स्वतःचीच थट्टा आहे. स्वतःची थट्टा ही ह्या कुटुंबाची जुनी चाल. पण पूर्वीं ती थट्टा सज्जांतले दोन म्हातारे करीत, आणि खालीं रंगमंचावर मंडळी जिवाच्या आकांतानें खेळ उभा करीत. आतां सज्जांतलीं वाक्यें रंगमंचच बोलूं लागला, म्हाताऱ्यांना काम उरलें नाहीं. तरीसुद्धां ह्या चित्रपटाची मध्यकल्पना मोठी धारदार आहे. कॉन्स्टंटाइन नांवाचा एक अट्टल चोर, हुबेहूब कर्मिटसारखा दिसणारा बेडूक, कर्मिटला सैबेरियाच्या तुरुंगांत अडकवून त्याची जागा घेतो. उच्चार विचित्र, वागणूक निराळी. पण मंडळींपैकीं जवळजवळ कोणालाच संशय येत नाहीं. कां? तर हा नवा बेडूक कोणालाच ‘नाहीं’ म्हणत नाहीं. पिगीला हवीं तितकीं गाणीं, गॉन्झोला हवें तें साहस. खरा कर्मिट दिवसभर ‘नाहीं’ म्हणत असे आणि त्याच्यामुळेंच खेळ उभा राहत असे. भक्तांच्या प्रत्येक मागणीला होकार देणाऱ्या चित्रपटांवर ह्याहून नेमकी टीका कोणा समीक्षकानें केलेली माझ्या वाचनांत नाहीं.

ह्या गोष्टीला कोणी कादंबरीकारानें जोडलें असतें तर कृत्रिम वाटलें असतें असें एक शेपूट आहे. स्टीव्ह व्हिटमायरला २०१६ सालीं काढून टाकण्यांत आलें आणि २०१७ सालीं तें जाहीर झालें. त्याच्या जागीं कर्मिटचा हात आणि आवाज म्हणून आला मॅट व्होगेल. तोतया कॉन्स्टंटाइनचा आवाज व्होगेलचाच होता! मीं त्याचा कर्मिट ऐकला आहे. आवाज थोडा जड वाटतो. पण बोटें चांगलीं मुडपतात, आणि मला वाटतें, कोणी त्याला एखादी कोरी, कोणाचीही आठवण न मागणारी गोष्ट दिली तर तो ती निभावून नेईल.

माझा भाऊ हिरव्या पायमोज्यांत हात घालून कर्मिटचा आवाज काढीत असे. तो आवाज हेन्सनसारखा नव्हता. त्याला सदाशिव पेठेचा सानुनासिक स्वर होता, आणि ‘दादा, चहा घ्या’ असें तो बेडूक मला मराठींत सांगे. भाऊ चार वर्षांपूर्वीं गेला. मोजा पुतण्यानें ठेवला आहे. त्यालाही तो आवाज थोडाफार जमतो, अर्थात् वडिलांइतका नाहीं, आणि मराठींत तर नाहींच. त्याची धाकटी मुलगी पांच वर्षांची आहे. आजोबांचा आवाज तिला आठवत नाहीं. ती जेवतांना त्या मोज्याशीं तासन् तास भांडते, आणि भांडतांना बापाच्या तोंडाकडे एकदांही पाहत नाहीं.