सत्तावीस चौकोन

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संस्थेचा निरोप आला, तेव्हा शाळेच्या जडणघडणीविषयी चार शब्द लिहावेत, असे प्रथम मनात आले. परंतु ते काम माझ्याहून अधिकारी मंडळींनी केलेलेच असेल. मी चित्रकलेचा शिक्षक. जाफराबादचे दिवस आठवू लागलो की माझ्या डोळ्यांपुढे एक रंगीत ठोकळा येतो.

आपला एक माजी विद्यार्थी तेव्हा जालन्यास नोकरीला होता. गावी आला की वसतिगृहातील मुलांसाठी काहीतरी घेऊन येई. एका वर्षी त्याने रुबिक क्यूब आणला. एकच. रात्रीच्या जेवणानंतर तो हातोहात फिरू लागला. पाळ्या लागल्या, भांडणेही झाली. ती मिटवावीत म्हणून मी तो ठोकळा सातवीच्या चित्रकलेच्या तासाला टेबलावर ठेवला आणि म्हटले, "आता हा सगळ्यांचा. काढा."

घन काढण्याची रीत सांगायला सोपी आहे. कागदाच्या मध्यावर एक उभी रेघ घ्यायची. ही आपल्याकडे आलेली कड. तिच्या दोन्ही टोकांपासून डावीकडे व उजवीकडे, तीस अंशांच्या गुण्याने, तेवढ्याच लांबीच्या तिरक्या रेघा वर चढवायच्या. त्यांची टोके उभ्या रेघांनी जोडली की दोन बाजू तयार होतात. वर आणखी दोन समांतर रेघा टाकल्या की झाकण बसते. मग प्रत्येक कडेचे तीन समान भाग करून समोरासमोरची टोके जोडायची. एका बाजूवर नऊ, तीन बाजूंवर सत्तावीस चौकोन. उरलेले सत्तावीस मागे राहतात. ते काढायचे नसतात. रंगवताना पांढऱ्या चौकोनात कागद तसाच सोडायचा आणि काळ्या रेघा सर्वांत शेवटी मारायच्या, नाहीतर तेलखडूबरोबर काळे फासले जाते. त्या आठवड्यात वर्गातील नारिंगी खडू सर्वांत आधी संपले.

अडचण असते ती निराळीच. चौकोन हा चौकोनच आहे हे मुलाच्या बोटांना ठाऊक असते, कारण त्याने तो रात्रभर फिरवलेला असतो. कागदावर मात्र तो कललेला, दबलेला काढावा लागतो. मुलांचा हात हे चटकन मान्य करीत नाही. तिरकी रेघ निम्म्यावर गेली की ती आपोआप सरळ होते आणि काटकोन साधून मोकळी होते. मी पट्टी लावून दाखवी, पेन्सिल डोळ्यासमोर धरून कल मोजायला लावी. वस्तुचित्राचे हेच शिक्षण असते, आणि एलिमेंटरीच्या परीक्षेत त्याचेच गुण मिळतात.

त्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव लिहीत नाही. हे पान वाचताना तो ओळखेल. त्याने समोरची बाजू सरळ चौकोनी काढली होती आणि तिच्या चहूबाजूंना उरलेल्या बाजू पसरून दिल्या होत्या, उकललेल्या खोक्यासारख्या. पाठीमागची बाजूही खाली जोडलेली. चौपन्नच्या चौपन्न चौकोन रंगवलेले. मी विचारले, "हे तुला इथून दिसते का?" तो म्हणाला, "दिसत नाही, सर. पण आहे ना." वर्ग हसला. मी लाल पेनने त्या चित्रावर फुली मारली. आज लिहितानाही ती फुली मला दिसते.

नंतर फळ्यावर मी स्वतः क्यूब काढला, विस्कटलेल्या रंगांचा. जवळच्या कोपऱ्यातील तीन चौकोनांत लाल, पांढरा आणि पिवळा खडू भरला; चित्र उठावदार दिसावे एवढाच विचार. मागून आवाज आला, "सर, पांढरा आणि पिवळा एका कोपऱ्यात येत नाहीत." आवाज त्याचाच होता.

मी ठोकळा हातात घेतला. आठ कोपरे, बारा कडा, सहा मध्ये. मधले सहा कितीही फिरवले तरी एकमेकांच्या जागा घेत नाहीत. पांढऱ्याच्या समोर पिवळा, लालच्या समोर नारिंगी, निळ्याच्या समोर हिरवा. समोरासमोरचे दोन रंग एका तुकड्यावर असूच शकत नाहीत. आठही कोपरे तपासून पाहिले. मुलगा बरोबर होता. मी काढलेला क्यूब जगात कोठेही नव्हता, आणि फळ्यावर तो अगदी झोकात उभा होता! मी पिवळा पुसून निळा भरला. त्याच्या वहीतील फुली मात्र तशीच राहिली. शिक्षकाला फळा पुसणे सोपे जाते.

पुढे वाचनात आले की, हे कोडे तयार करणारा एर्नो रुबिक हाही शिक्षकच. बुडापेस्टमध्ये त्याने 1974 साली लाकडाचा पहिला ठोकळा केला. तुकडे निखळू न देता फिरवायचे कसे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. रंग एकदा विस्कटल्यावर स्वतः केलेला ठोकळा पुन्हा जुळवायला त्याला सुमारे महिना लागला. हे मी वर्गात सांगितले, परंतु तोवर तो मुलगा वर्गात नव्हता.

दसऱ्यानंतर त्याचे वडील आले होते. मुकादमाकडून उचल घेतलेली होती आणि धाकटी बहीण सांभाळायला कोणी नव्हते. "सर, चार-पाच महिन्यांचाच प्रश्न आहे," ते म्हणाले. मुख्याध्यापकांनी परोपरीने समजावले. मीही बोललो, परंतु माझ्या बोलण्यात जोर नव्हता. ज्या चित्रावर फुली मारली, त्या चित्रासाठी मुलाला ठेवा, असे कोणत्या तोंडाने सांगणार? मुलाने जाताना "जय भीम, सर" म्हटले आणि तो टोळीबरोबर गेला.

त्या हिवाळ्यात आमची सहल भोकरदन, सिल्लोडमार्गे अजिंठ्यास गेली. पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रापुढे सगळे उभे राहतात, तसे आम्हीही राहिलो. मी पूर्वी अनेकदा ते पाहिले होते. या वेळी नजर मागच्या खडकांवर गेली. चित्रकाराने तेथे खडक ठोकळ्यांसारखे रचले आहेत. एक पृष्ठभाग उजळ, लगतचा गडद. पंधराशे वर्षांपूर्वी कोणीतरी या अंधारात तोच धडा गिरवला होता, आणि खडक असे दिसत नाहीत, म्हणून त्याच्या भिंतीवर कोणी फुली मारली नव्हती. मुले पुढे गेली. मी बराच वेळ तेथे रेंगाळलो. दिवे कमी, गर्दी फार; पहारेकऱ्याने दोनदा हटकले.

जूनमध्ये शाळा उघडली. तो येईल की नाही, याची मला खात्री नव्हती. हजेरीपुस्तकात त्याचे नाव आहे का, हे मी एकदा मुद्दाम जाऊन पाहिले. पहिल्या आठवड्यात नाही, दुसऱ्या आठवड्यात तो आला. उंच झाला होता, तळहात राठ झाले होते. सोबत तीच वही. मागची कोरी पाने त्याने कोपीत बसून भरली होती. रंग नव्हते, म्हणून प्रत्येक चौकोनात अक्षर लिहिले होते: ला, ना, पां, पि, नि, हि. रेघा तिरक्या आणि जवळजवळ निर्दोष, गुण्यावाचून काढलेल्या. मी चौकोन मोजले. सत्तावीस. सगळ्या पानांवर कोपरे तपासले. पां आणि पि एका तुकड्यावर कोठेही नव्हते.

प्रत्येक घनाखाली तीन चौकटी वेगळ्या आखलेल्या होत्या, नऊ-नऊ घरांच्या. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "ही मागची बाजू आहे, सर. चित्रात नाही धरायची."

मी लाल पेन खिशात ठेवले. पेन्सिलीने सही करून तारीख घातली आणि वर्गात लावण्यासाठी एक पान मागितले. त्याने वही मिटली आणि नम्रपणे नकार दिला.