१,२९७ सामन्यांनंतर

बँकेतील नोकरीने एक सवय अंगी मुरली : कोणताही आकडा दिसला की त्यामागचा खर्च शोधावयाचा. नातवासोबत अमेरिकेतील एन.बी.ए.चे बास्केटबॉल सामने पाहतानाही ती सुटत नाही. कोबी ब्रायंट याने २००६ मध्ये एका सामन्यात ८१ गुण मिळविले, तेव्हा फ्री थ्रो वगळता त्याने ४६ वेळा चेंडू बास्केटकडे फेकला होता. २०१६ मधील निरोपाच्या सामन्यात ६० गुणांसाठी ५० फेकी लागल्या. रक्कम दोन्हीकडे मोठी. परतावा मात्र वेगळा.

सातत्याच्या बाबतीत लेब्रॉन जेम्सचे खाते अधिक लक्षवेधी. जानेवारी २००७ पासून, साखळी फेरीत तो खेळला त्या प्रत्येक सामन्यात त्याने किमान १० गुण केले. मायकेल जॉर्डनचा ८६६ सामन्यांचा विक्रम त्याने २०१८ मध्येच मागे टाकला होता.

४ डिसेंबर २०२५ रोजी टोरांटो येथे ही मालिका १,२९७ सामन्यांवर थांबली. आपल्याकडे तेव्हा ५ तारखेची सकाळ होती. त्या सामन्यात त्याच्या १७ फेकींपैकी अवघ्या ४ यशस्वी ठरल्या होत्या, गुण ८. दोन्ही संघ १२० वर बरोबरीत, अखेरचे क्षण, आणि चेंडू त्याच्याच हाती. स्वतः बास्केट केली असती तर सामना आणि विक्रम दोन्ही हाती आले असते. त्याने चेंडू कोपऱ्यात मोकळ्या असलेल्या रुई हाचिमुराकडे दिला. तीन गुण झाले, लेकर्स जिंकले.

नातू हळहळला. मी मात्र गप्प झालो.

मीही एके काळी असाच विक्रम जपत होतो : अकरा वर्षांत एकही किरकोळ रजा नाही. आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा दिवस नेमका सहामाही अखेरीचा आला. सहकारी काम सांभाळण्यास तयार होते. साहेबांनीही ‘जा’ म्हटले. मी गेलो नाही. रात्री घरी परतलो, तेव्हा डोळ्यावर पट्टी असलेल्या आईने पावलांवरून मला ओळखले आणि विचारले, “हिशेब जुळला का रे?”

पै न् पै जुळला होता.

सातत्य हा मोठा गुण खराच. परंतु ते कोणासाठी राखतो आहोत, हे वेळोवेळी तपासून पाहावे लागते. माझा तो विक्रम आज कोणाच्याही स्मरणात नाही. आईचा प्रश्न मात्र माझ्या नावे अजून येणे दाखवतो आहे.